पेनाला दाब कधी कळायला लागला

टॅब्लेटवर पेन हलकं ओढलं की बारीक रेष येते आणि जोर दिला की जाड, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही. पण मी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पाण्याचा डबा आणि ब्रश घेऊन बसलेला माणूस, पहिल्यांदा मित्राच्या पॅडवर हात दाबला आणि स्क्रीनवरची रेष फुगत गेली तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता. तेव्हापासून हे कुठून आलं ते मिळेल तिथे वाचत आलोय, त्यातलंच हे.

मुळात पेनाने कॉम्प्युटरवर काढायची कल्पना माउसपेक्षाही जुनी आहे. 1963 मध्ये आयव्हन सदरलँडने एमआयटीत स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला, त्यात थेट स्क्रीनवर लाइट पेन टेकवून आकृत्या काढता यायच्या, म्हणजे हात सतत उभ्या काचेसमोर उचलून धरायचा. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेने सपाट टॅब्लेट आणला, साधारण 10 इंच बाय 10 इंच, आत तारांची बारीक जाळी, दर इंचाला 100 रेषा, म्हणजे एकूण 10 लाखांवर बिंदू. किंमत 18,000 डॉलर, तीही 1964 च्या! पेन कुठे आहे हे त्याला एकदम अचूक कळायचं, पण टोकाला होता नुसता स्विच. टेकलंय किंवा नाही टेकलं, बस. हात किती जोरात आहे याचा पत्ताच नाही, आणि चित्र काढणाऱ्याला तर सगळ्यात आधी तेच हवं असतं, कागदावर पेन्सिलचं शेडिंग आपण जागा बदलून कमी आणि दाब बदलून जास्त करतो.

पुढचा टप्पा रंगांचा. 1973 मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात रिचर्ड शूपने सुपरपेंट नावाची रंगवायची कॉम्प्युटर प्रणाली केली, मग अल्वी रे स्मिथ (पुढे पिक्सार या अॅनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले ते) न्यूयॉर्कमध्ये याच विषयावर काम करत राहिले. आणि 1981 मध्ये इंग्लंडच्या क्वांटेल कंपनीचा पेंटबॉक्स आला. माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे, कारण याचं पेन दाब ओळखायचं आणि ब्रश त्याप्रमाणे रंग सोडायचा. फक्त हे मशीन होतं टीव्ही स्टेशनसाठी, किंमत लाखभर पौंडांच्या घरात, त्यामुळे हवामानाचे नकाशे, बातम्यांची ग्राफिक्स, चॅनेलचे लोगो असल्या कामाला जुंपलेलं. 80 च्या दशकात बीबीसीने डेव्हिड हॉकनीसारख्या मोठ्या चित्रकारांना यावर बसवलं आणि कॅमेऱ्यासमोर चित्रं काढून घेतली, ते जमलं तर अवश्य बघा, हॉकनी लहान मुलासारखा रमलाय त्यात.

याच पेंटबॉक्सवरून पुढे कोर्टकचेरी झाली, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. क्वांटेलकडे डिजिटल पेंटिंगची पेटंटं होती आणि फोटोशॉप आल्यावर त्यांनी अमेरिकेत अॅडोबीवर दावा लावला. अॅडोबीच्या बाजूने अल्वी रे स्मिथ साक्षीला उभे राहिले, मुद्दा असा की यातलं बरंच काही आम्ही 70 च्या दशकातच करून बसलो होतो. 1997 मध्ये ज्युरीने क्वांटेलची पेटंटं रद्द ठरवली. निकाल उलटा लागला असता तर आज फुकट मिळणारं क्रितासारखं चित्रांचं सॉफ्टवेअर तरी असतं का, हा विचार माझ्या डोक्यात अजून येतो.

आता वॅकॉम. 1983 मध्ये जपानमध्ये सुरू झालेली कंपनी, आणि त्यांनी पेनाची वायर आणि बॅटरी दोन्ही काढून टाकली. कसं, तर पॅडमधली कॉइल क्षणभर चुंबकीय सिग्नल सोडते, पेनातली छोटी कॉइल त्यावर झंकारते, मग पॅड गप्प बसून तो परतीचा झंकार ऐकतं. तो कुठे जास्त जोरात आला त्यावरून जागा कळते, आणि निब दाबली की झंकाराची फ्रिक्वेन्सी किंचित सरकते, तोच दाब. मला हे तंबोऱ्याच्या तारांसारखं वाटतं, एक छेडली की दुसरी आपोआप गुणगुणायला लागते. 80 चं दशक संपेपर्यंत दाब ओळखणारी पेनं त्यांनी बाजारात आणली, 1991 मध्ये रंगाच्या पत्र्याच्या डब्यात पॅक केलेलं पेंटर सॉफ्टवेअर आलं, त्यात तैलरंग, खडू, जलरंग सगळं दाबाला प्रतिसाद द्यायचं, आणि घरी बसून काढणं शक्य झालं.

मग लेव्हलची शर्यत, म्हणजे पेन दाबाच्या किती पायऱ्या ओळखतं त्याची. वॅकॉमच्याच 1998 च्या इंट्यूओस टॅब्लेटला 1024, 2009 च्या इंट्यूओस 4 ला 2048, 2016 पासून 8192. खरं सांगायचं तर 2048 नंतरचा फरक माझ्या हाताला तरी कळत नाही, नवीन घेणाऱ्यांनी त्या आकड्यापेक्षा किती हलक्या स्पर्शाला रेष सुरू होते ते बघावं, पिसासारखं टेकवलं तर उमटते का ते.

फोन-टॅब्लेटचं तर बहुतेकांनी पाहिलेलंच आहे, 2011 चा गॅलेक्सी नोट वॅकॉमच्याच तंत्रावर, 2015 मध्ये अॅपल पेन्सिल, ही मात्र चार्ज करावी लागते, आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या होबार्टच्या छोट्या कंपनीचं प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं अॅप तिच्यामुळे घराघरात गेलं. त्याच सुमाराला ह्युऑनसारख्या चिनी कंपन्यांची पेनंही बिनबॅटरीची झाली आणि किंमत एवढी खाली आली की कॉलेजची पोरं पॉकेटमनी साठवून पॅड घेतात.

एक गोष्ट मात्र दाबाने सुटत नव्हती आणि ती आपल्या अक्षरांची आहे. ब्रशची रेष दाबाने जाड होते, पण बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं, त्याची जाडी येते ती कोनातून. त्यामुळे साध्या पेनाने 'क' ची गाठ काढायला गेलं की दाबून दाबून ती लठ्ठ होते पण बोरूसारखी वळत नाही. वॅकॉमचं आर्ट पेन स्वतःभोवती फिरवलेलं ओळखायचं पण ते फार थोड्यांकडे होतं, 2024 च्या अॅपल पेन्सिल प्रोमध्ये मात्र आत जायरोस्कोप आहे, पेन बोटांत फिरवलं की चपटा ब्रशही फिरतो. मी त्यावर पहिलं अक्षर 'श्री' काढलं, आणि शाळेत बोरू धरायला शिकवलेली बोटं आपोआप त्याच कोनात जाऊन बसली.