आखातातला बडोदेकर प्रेक्षक आणि २००१चा निर्णय

परदेशात चार आपली माणसं जमवून भारताचा सामना बघण्याचा विषय निघाला की गोष्ट बहुतेक वेळा न्यू जर्सीपासून नाहीतर वेंब्लीपासून सुरू होते. बडोद्यातल्या मराठी घरांची गोष्ट आखातापासून सुरू करायला हवी. तिथे जे घडलं आणि पुढे जे काढून घेतलं गेलं, ते कळल्याशिवाय आजच्या दुबईतल्या गर्दीचा अर्थ लागत नाही.

बडोद्याचं क्रिकेट बडोदेकरांना नव्याने सांगायला नको. १९५९मध्ये इंग्लंडला गेलेल्या संघाचा कर्णधार बडोद्याचा होता आणि संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून गेले होते ते बडोद्याचे राजेसाहेब. पाचही कसोटी आपण हरलो. दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात त्याची खबर रेडिओने आणि वर्तमानपत्राने दिली. मैदानात बसून बघायला गावचं कोणी असलंच, तर शिकायला गेलेला एखाद-दुसरा विद्यार्थी.

माणसं मोठ्या संख्येने बाहेर गेली ती तेलामुळे. कोयलीची रिफायनरी १९६५मध्ये सुरू झाली, मग खतांचा कारखाना आणि पेट्रोकेमिकल्स आलं. कलाभवनातून इंजिनीअर होऊन किंवा आयटीआय करून या कारखान्यांत काही वर्षं काढलेल्या मुलांना आखातात थेट मागणी होती. वेल्डिंग इन्स्पेक्टर, फिटर, इन्स्ट्रुमेंटवाला, शिफ्ट इंचार्ज. घरी पैसे येत आणि दोन वर्षांनी माणूस येई.

त्याच सुमारास शारजात क्रिकेट उभं राहत होतं. कराचीत शिकलेल्या एका अरब उद्योजकाला या खेळाचं वेड लागलं होतं. १९८१मध्ये भारत-पाकिस्तानच्या खेळाडूंचा प्रदर्शनी सामना झाला, माजी खेळाडूंना निधी देण्याची पद्धत सुरू झाली आणि एप्रिल १९८४मध्ये पहिला आशिया कप तिथेच भरला. अमिरातीचा स्वतःचा नावाजलेला संघ नव्हता. हे मैदान प्रेक्षकांच्या जोरावर उभं राहिलं आणि ते प्रेक्षक म्हणजे भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेशातून पोटासाठी आलेली माणसं. तेव्हा तिथे सुट्टी शुक्रवारची असे आणि मोठे सामने शुक्रवार बघून ठेवले जात. १३ एप्रिल १९८४ला आपण पाकिस्तानला हरवलं तो शुक्रवार होता. १८ एप्रिल १९८६चा पाकिस्तानच्या मियांदादचा शेवटच्या चेंडूवरचा षटकार शुक्रवारचाच, आणि १९९८मधली २४ एप्रिलची फायनलही.

माझे मोठे मामा रुवैसला रिफायनरीत होते. ते ठिकाण अबुधाबीच्याही पश्चिमेला, शारजापासून साडेतीनशे किलोमीटरवर. सामन्याच्या दिवशी पहाटे अंधारात एका टोयोटात पाच जण निघत. बरोबर मेथीचे ठेपले, लसणाची चटणी, बडोद्याहून आलेला आणि सामन्यासाठी जपून ठेवलेला लीलो चेवडो, म्हणजे ओला चिवडा, आणि बर्फाच्या डब्यात पाणी. सिमेंटच्या पायऱ्या तापत म्हणून बुडाखाली टॉवेल. इकडे बडोद्याला वाडीत आजी टीव्हीसमोर बसून प्रेक्षकांत मामा दिसतोय का ते शोधायची आणि दर वेळी कोणाच्या तरी टक्कलावर बोट ठेवून ‘हाच’ म्हणायची. १९८६च्या त्या षटकारानंतर शनिवारी शिफ्टवर लाहोरच्या सहकाऱ्याने मिठाईचा खोका पुढे केला आणि मामांनी एक तुकडा उचलून खाल्ला. पुढची अनेक वर्षं हे दोघं तिकिटं एकमेकांसाठी काढून ठेवत. बसत मात्र वेगवेगळ्या बाजूंना.

१९९८च्या एप्रिलबद्दल काय लिहायचं? वाळूचं वादळ, सचिनचे १४३ आणि दोन दिवसांनी पंचविसाव्या वाढदिवशी १३४. त्या संघाचा यष्टिरक्षक बडोद्याचाच होता. आखातात होता त्या प्रत्येक बडोदेकराकडे त्या आठवड्याची स्वतःची हकिकत आहे.

हे सगळं थांबलं ते एका निर्णयाने. त्यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे त्याची चर्चा कधी प्रेक्षकांच्या बाजूने झालीच नाही.

७ एप्रिल २०००ला दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराचं बुकीशी झालेलं फोनवरचं बोलणं उघड केलं आणि मॅच फिक्सिंगचं प्रकरण पेटलं. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला शारजातल्या फायनलमध्ये भारत ५४ धावांत बाद झाला. एप्रिल २००१मध्ये केंद्र सरकारने ठरवलं की भारतीय संघाने नेहमीची नसलेली ठिकाणं तीन वर्षं टाळायची. त्यात शारजा, सिंगापूर आणि टोरांटो आली.

सरकारची बाजू समजून घेण्यासारखी आहे. खेळाची अब्रू गेली होती, काहीतरी कठोर करून दाखवणं भाग होतं. या तीन ठिकाणच्या स्पर्धा पैशासाठी भरत आणि त्यांतल्या संशयाबद्दल बरीच वर्षं कुजबुज होती. पाकिस्तानशी संबंध कारगिलनंतर बिघडलेले होते, तेही कारण मागे होतंच.

पण ठिकाणाचा हा निकष तपासला की टिकत नाही. ज्या मालिकेतल्या बोलण्यावरून हे सगळं उघड झालं ती मालिका भारतात खेळली गेली होती. तिचा चौथा एकदिवसीय सामना १७ मार्च २०००ला खुद्द बडोद्यात, पेट्रोकेमिकल कंपनीच्या मैदानावर झाला आणि तो आपण जिंकलो. त्या सामन्यावर संशय घ्यावा असं मला मुळीच म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते इतकंच की बडोद्याला किंवा त्याच मालिकेतल्या कोचीला कोणी वर्ज्य ठरवलं नाही आणि ते बरोबरच केलं. सट्टा फोनवर चालतो, मैदानावर चालत नाही. मग शंभराहून जास्त एकदिवसीय सामने झालेलं शारजा कोणत्या हिशोबाने ‘नेहमीचं’ नव्हतं? तिथे भारताचं बोर्ड नव्हतं, भारताचा मतदार नव्हता, एवढंच. पायऱ्यांवर टॉवेल टाकून बसणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नाही, कारण तो कोणाच्याच यादीत नव्हता. हा निर्णय चुकीचा होता, असं माझं मत आजही आहे.

टोरांटोलाही तोच फटका बसला. १९९६पासून सलग तीन वर्षं सप्टेंबरमध्ये तिथे भारत-पाकिस्तान खेळले होते. उत्तर अमेरिकेतल्या आपल्या लोकांची सुरुवात मात्र कॉम्प्युटरच्या पडद्यापासून झाली. १९९३मध्ये मिनेसोटातल्या विद्यापीठातून स्कोअर पुरवणारी जी सेवा सुरू झाली आणि पुढे क्रिकइन्फो झाली, तिचे पहिले वाचक आणि कार्यकर्ते घरापासून लांब असलेले असेच विद्यार्थी होते.

तीन वर्षांची बंदी संपली तरी शारजा परत आलं नाही. एप्रिल २००६मध्ये अबुधाबीत पाकिस्तानशी दोन सामने झाले, मग थेट २०१८. भारताचा पुरुष संघ शारजात त्या ५४नंतर आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नाही. महिला संघ १३ ऑक्टोबर २०२४ला तिथे विश्वचषकात ऑस्ट्रेलियाशी खेळला. मधल्या काळात पायऱ्यांवरचं बसणं घराघरांत, कॅफेटेरियात आणि कामगारांच्या कॅम्पमधल्या टीव्हीच्या खोलीत गेलं. २००७च्या टी-ट्वेंटी फायनलला बडोद्याचे दोघे भाऊ संघात होते, धाकटा सामनावीर. तो सामना आखातातल्या बडोदेकरांनी असाच कोणाच्या तरी हॉलमध्ये, जमिनीवर बसून बघितला.

आता अडचण वेगळी आहे. दुबईतल्या घरी सामना मोबाइलवरून टीव्हीवर लावतात, तो मैदानापेक्षा थोडा मागे असतो. बडोद्याच्या घरचा ग्रुप त्याच्या आधी ‘गेला, गेला’ लिहून मोकळा होतो. म्हणून माझ्या मामेभावाकडे सामना सुरू झाला की सगळ्यांचे फोन स्टीलच्या डब्यात जातात. २९ जून २०२४ला बार्बाडोसच्या फायनलचं शेवटचं षटक बडोद्याचाच अष्टपैलू टाकत होता आणि हव्या होत्या १६ धावा. तेव्हा डब्यात फोन थरथरत होते, कोणी हात लावला नाही.

आणि मैदानं? ती परत मिळाली, पण कशी ते बघण्यासारखं आहे. २०१४मध्ये भारतात निवडणूक होती म्हणून आयपीएलचा पहिला टप्पा अमिरातीत आला. २०१८चा आशिया कप भारतात व्हायचा होता. पाकिस्तानमुळे तिकडे हलला. २०२०ची आयपीएल आणि २०२१चा टी-ट्वेंटी विश्वचषक कोरोनामुळे आले. २०२२चा आशिया कप श्रीलंकेतल्या आर्थिक संकटामुळे आला. २०२५च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारतीय संघ पाकिस्तानला गेला नाही म्हणून आपले पाचही सामने, ९ मार्चच्या फायनलसकट, दुबईत झाले. दुसऱ्या कुठे जमलं नाही की सामना आखातात जातो आणि तिथला आपला माणूस तेवढ्यावर खूश होतो. मामांच्या पिढीला सामने मिळाले ते त्यांच्यासाठी भरवले होते म्हणून. त्यांच्या नातवंडांना मिळतात ते उरलेले, आणि भारत-पाकिस्तानचं तिकीट ऑनलाइन निघालं की हातोहात संपतं. कॅम्पमधल्या फिटरला ते मिळणं तर बाजूलाच राहिलं, एका महिन्याच्या पगारात परवडणंही कठीण आहे.