फुटलेल्या प्रतींचा इतिहास : इटालियन शिल्पकलेतील भग्न प्लास्टर

इटालियन कलावंत जूलिओ पाओलिनी यांच्या ‘लाल्त्रा फिगुरा’ (म्हणजे ‘दुसरी आकृती’, १९८४) या कृतीत एकाच साच्यातून काढलेले दोन पांढरे अर्धपुतळे उंच बैठकींवर उभे असतात आणि खाली जमिनीवर तशाच तिसऱ्या पुतळ्याच्या ठिकऱ्या विखुरलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला प्रथम वाटते की एखादी प्राचीन मूर्ती फुटली आहे. प्रत्यक्षात फुटली आहे ती प्रत, आणि ती ज्या अर्धपुतळ्याची प्रत आहे तोही ग्रीक नमुन्यावरून रोमनांनी केलेली नक्कलच. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय इटलीतील गेल्या साठेक वर्षांतल्या भग्न प्लास्टरचा अर्थ लागत नाही, असे मला वाटते.

अभिजात शिल्पे युरोपभर पोहोचली ती मुख्यतः साच्यांच्या वाटेने. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने १५४० मध्ये चित्रकार प्रिमातिच्चो याला रोमला पाठवून व्हॅटिकनमधील विख्यात मूर्तींचे साचे घ्यायला लावले. पुढे कला अकादमींमध्ये जिवंत मॉडेलसमोर बसण्याआधी विद्यार्थ्याने प्लास्टरचे पाय, नाक, धड रेखाटत राहावे, अशी शिस्तच पडली. हीच शिस्त ब्रिटिशांमार्फत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आली, आणि गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ तिथे विद्यार्थिदशेतच, प्लास्टरमध्ये साकारली.

व्हेनेतो प्रांतातील पोसान्यो या गावी शिल्पकार आंतोनिओ कानोव्हाच्या मूळ प्लास्टर-प्रतींचे संग्रहालय आहे. तिथल्या मूर्तींजवळ गेले की पांढऱ्या अंगावर ठिकठिकाणी टोचलेले बारीक, काळपट धातूचे खिळे दिसतात. मातीच्या नमुन्यावरून प्लास्टर काढायचे, त्यावर हे खिळे ठोकायचे आणि त्यांच्यामधली अंतरे मोजून मदतनिसांनी संगमरवर कोरायचा, अशी ती पद्धत होती. म्हणजे प्लास्टर ही दगडाची नक्कल नव्हती. दगडच प्लास्टरवरून घडत होता. पहिल्या महायुद्धात आघाडी जवळच्या ग्राप्पा पर्वतापर्यंत सरकली, तेव्हा तोफगोळ्यांनी या संग्रहातील अनेक मूर्तींचे हात आणि डोकी उडाली. फुटलेल्या प्लास्टरची प्रतिमा इटलीत कलावंताच्या कल्पनेआधी अशी युद्धातून आली.

त्यानंतर फॅसिस्ट राजवटीने प्राचीन रोमचा वारसा आपल्या नावावर करून घेतला. रोममधील ‘स्तादिओ देई मार्मी’ या मैदानाभोवती संगमरवरी खेळाडू उभे राहिले, आणि १९३७ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या स्मरणार्थ भरवलेल्या भव्य प्रदर्शनात प्राचीन वास्तू-शिल्पांच्या असंख्य प्लास्टर-प्रती मांडण्यात आल्या. युद्धानंतरच्या पिढीला अखंड, धष्टपुष्ट अभिजात देह निःशंक मनाने हाताळणे अवघड झाले, त्याचे एक मोठे कारण मला इथे दिसते.

१९६७ मध्ये समीक्षक जेर्मानो चेलांत यांनी साध्या, रोजच्या वस्तूंतून कलाकृती घडवणाऱ्या इटालियन कलावंतांच्या प्रवाहाला ‘आर्ते पोवेरा’ (‘गरीब कला’) हे नाव रूढ केले, त्याच वर्षी त्या प्रवाहातील मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो यांनी बागेत ठेवण्याच्या व्हीनस देवतेच्या मूर्तीची प्रत जुन्या कपड्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभी केली. ग्रीसमधील पिरेयस बंदरात जन्मलेले आणि १९५६ पासून रोममध्ये स्थायिक झालेले याच प्रवाहातील कलावंत यानिस कुनेलिस यांचे प्रकरण अधिक वेदनेचे आहे. १९७३ च्या एका सादरीकरणात ते ग्रीक देव अपोलोचा मुखवटा चेहऱ्यासमोर धरून टेबलामागे बसले. टेबलावर प्लास्टर-मूर्तीचे तुकडे आणि त्यांवर पेंढा भरलेला काळा पक्षी होता. अपोलो पुन्हा सांधता येत नाही, पण त्याला टाकूनही देता येत नाही, ही कोंडी मला त्या मांडणीत दिसते.

पाओलिनींचा सूर याहून शांत आहे. ‘मिमेसी’ (म्हणजे ‘अनुकरण’, १९७५) मध्ये त्यांनी एकाच मूर्तीच्या दोन पूर्ण प्रती समोरासमोर उभ्या केल्या, त्यामुळे पाहणारा त्यांच्या नजरेबाहेरच राहतो. नऊ वर्षांनी ‘लाल्त्रा फिगुरा’त तिसरी प्रत आली, ती तुकड्यांच्या रूपात, तिच्या ठिकऱ्यांच्या कडा खडूसारख्या कोरड्या आणि भुसभुशीत असतात, आणि तो चेहरा पूर्ण कसा होता हे पाहायला मान वर करून उरलेल्या दोघांकडेच बघावे लागते.