स्यूडोमिक्झोमा पेरिटोनाय

पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर, जेलीसारखा चिकट म्युसिन, म्हणजे पेशींनी सोडलेला श्लेष्म, साचत जातो तो हा आजार. दरवर्षी दहा लाखांत एक-दोन केसेस असा जुना आकडा, नवे अंदाज जरा जास्तच सांगतात.

खरा घोळ उगमाचा, अपेंडिक्स की ओव्हरी. पॅथॉलॉजिस्ट रोकिटान्स्कीने १८४२ मध्ये म्युसिनने फुगलेल्या अपेंडिक्सचं वर्णन करून ठेवलं होतं, पण आजाराला नाव दिलं स्त्रीरोगतज्ज्ञ वर्थने १८८४ मध्ये, आणि तेही ओव्हरीची गाठ असलेल्या केसवरून, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं बाईच्या पोटात जेली सापडली की बोट ओव्हरीकडेच. १९०१ मध्ये फ्रेंकेलने अपेंडिक्सशी संबंध जोडला तरी वाद काही मिटला नाही. १९९० नंतर पेशींतली प्रथिनं ओळखणारं खास स्टेनिंग (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) यासाठी वापरलं गेलं आणि पारडं अपेंडिक्सकडे फिरलं: ओव्हरीतल्या पेशीसुद्धा बहुतेक वेळा सायटोकेराटिन २० या प्रथिनासाठी पॉझिटिव्ह, सायटोकेराटिन ७ साठी निगेटिव्ह, म्हणजे थेट आतड्याच्या पेशींच्या वळणावर गेलेल्या. शिवाय दोनपैकी उजवीच ओव्हरी जास्त सापडते, अपेंडिक्सच्या शेजारची, हे काही उगाच नसावं. तरी ओव्हरीतल्या टेराटोमापासून (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी असलेल्या गाठीपासून) सुरू झालेल्या मोजक्या केसेस खऱ्या आहेत, त्या नाकारून चालत नाही.

बरेचदा पत्ता लागतो तो भलत्याच कारणाने, हर्नियाच्या ऑपरेशनला पोट उघडलं की आत जेली. सोनोग्राफीत साधं जलोदर वाटतं, पण पेशंटला कुशीवर वळवलं तरी 'पाणी' हलत नाही, सुई घातली तर ओढलं जात नाही, खळीसारखं सुईतच अडकतं. सीटीवर ओळखायची खूण म्हणजे लिव्हर आणि प्लीहेची कड: जेली बाहेरून दाबते म्हणून ती बोटाने चेपल्यासारखी खळग्या-खळग्यांची दिसते, साध्या पाण्याने असं होत नाही. छोटं आतडं सतत हलत असल्याने सुरुवातीला बऱ्यापैकी वाचतं, आणि जेली डायफ्रॅमखाली, ओमेंटममध्ये (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यात), ओटीपोटाच्या तळाशी जमते.

मायक्रोस्कोपखाली काचपट्टीवर म्युसिनचे तलाव आणि त्यात तुरळक पेशी, कधी तर पेशीच नाहीत. २०१६ च्या वर्गीकरणात पेशीविरहित म्युसिन, लो ग्रेड (कमी आक्रमक), हाय ग्रेड (जास्त आक्रमक) आणि सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या) पेशींचा असे चार गट आहेत, आणि पुढचा अंदाज बराचसा यावरच ठरतो. केआरएएस आणि जीएनएएस या जीन्समध्ये बदल वारंवार दिसतात.

उपचार म्हणजे दिसेल तेवढं सगळं काढणारं लांबलचक ऑपरेशन आणि लगेच पोटात ४१-४२ अंशांचं गरम केमो, बहुधा मायटोमायसिन हे औषध.