आदिवासी भागाचं पान वेगळं, आदिवासी भाषेतला पेपर वेगळा

बडोद्यात हे सारखं ऐकू येतं. गुजराती पेपरात छोटाउदेपूरकडच्या, म्हणजे पूर्व गुजरातेतल्या आदिवासी भागातल्या, बातम्यांचं पान दिसलं की लोक म्हणतात, बघा, आता तिकडच्या राठवा आदिवासींचापण पेपर निघतो. नाही हो. तो गुजरातीच पेपर, फक्त बातमी तिकडची. संदेश, गुजरात समाचारची बडोदा आवृत्ती आपण रोज चाळतो, त्याबद्दल वेगळं काय सांगायचं.

खरा घोळ होतो तो लिपीमुळे. राठवी किंवा देहवाली या भिली गटातल्या आदिवासी भाषांतलं काही इकडे छापायचं तर सहसा गुजराती अक्षरांत छापतात, आणि अक्षरं ओळखीची दिसली की आपण लगेच ठरवून मोकळे, ही तर गुजरातीच, जराशी खेड्यातली. याचा मला खरंच राग येतो. आपल्याच घरांत पणजोबांचे मोडीतले कागद निघतात, गायकवाडी दफ्तरात मोडीचे ढीग आहेत, ती मराठी नाही का? आणि देवनागरी बघून कोणी मराठी पेपरला हिंदी म्हटलं तर आपण तिथल्या तिथे भांडू. पूर्व भारतातल्या संथाळी या आदिवासी भाषेला तर स्वतःची ओल चिकी लिपी आहे, रघुनाथ मुर्मूंनी १९२५ मध्ये तयार केलेली, तरी ती बंगाली, देवनागरी, रोमन अक्षरांतही छापतात आणि संथाळीच राहते.

तेव्हा अक्षरं बघू नका, मोठ्यानं वाचून दाखवा. शाळेत गुजराती न शिकलेल्या राठवा आजीला बातमी, अग्रलेख, जाहिरात, निधनवार्ता सगळं कळलं तर तो तिचा पेपर. कोपऱ्यात एक गाणं राठवीत आणि बाकी सगळं गुजरातीत, तर नाही. दैनिक की मासिक, पानं किती, किंमत किती, यानं काही ठरत नाही. म्हणून बडोद्याच्या ‘भाषा’ संस्थेचं ‘ढोल’ हे नियतकालिक असूनसुद्धा मी पेपरच्या बाजूला धरतो, कारण ते आदिवासी भाषांमध्येच निघालं.

आणि या भाषा बोलणारी माणसं मूठभर आहेत असं तर मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्यात धरलेल्या बोली बोलणाऱ्यांची संख्या १ कोटी ४ लाख, संथाळी बोलणाऱ्यांची ७३ लाख, तरी राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीनं आली आणि भिली अजून बाहेरच. अशात गुजराती पानालाच त्यांचा पेपर म्हटलं की भिलीत पेपर हवा असं मागायलाही कोणी उरत नाही.