अमेरिकी महामार्गावरचे खाणे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटारीने लांब पल्ल्याचा प्रवास करताना वाटेत थांबून खाण्याची रीत, आणि त्या रीतीभोवती वाढलेली उपाहारगृहे व पदार्थ. डायनर, ड्राइव्ह-इन (मोटारीतच बसून खायची जागा), ट्रक-स्टॉप, गॅस स्टेशनला म्हणजे पेट्रोल पंपाला जोडलेले दुकान आणि रस्त्याकडेची टपरी ही त्याची ठिकाणे. बर्गर, तळलेले चिकन, पॅनकेक, हॅश ब्राउन म्हणजे किसून तव्यावर परतलेला बटाटा, पाय (pie) म्हणजे पारीत सारण घालून भाजलेला पदार्थ, जर्की म्हणजे खारवून सुकवलेले मांस, हे सर्वत्र आढळणारे पदार्थ. स्वस्त, पोटभरीचे आणि पटकन मिळणारे, एवढी अपेक्षा त्याने पुरी केली तरी पुष्कळ झाले, असे सहसा मानले जाते. परंतु या खाण्याचा इतिहास पाककृतींपेक्षा रस्त्यांच्या बांधणीतून अधिक उलगडतो.

डायनरचे मूळ १८७२ मधल्या एका घोडागाडीत सापडते. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे वॉल्टर स्कॉट हा गृहस्थ वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर रात्री गाडी लावून सँडविच, पाय आणि कॉफी विकू लागला. रात्रपाळीचे कामगार हे त्याचे गिऱ्हाईक. अशा गाड्यांतूनच पुढे कारखान्यात बांधून जागेवर आणून बसवलेली लांबट डायनर निघाली : एका बाजूला काउंटर, त्यापुढे स्टुले, आणि समोरच्या तव्यावर काय चालले आहे ते दिसेल असा स्वयंपाकी. कॉफीचा कप रिकामा झाला की न मागता पुन्हा भरला जातो आणि सहसा त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र बिलावर १५ ते २० टक्के टिप देण्याचा रिवाज आहे.

१९२६ मध्ये शिकागो ते लॉस एंजेलिस असा सुमारे ३,९०० किमी. लांबीचा ‘रूट ६६’ हा महामार्ग आखला गेला; पुढे तो सँटा मोनिकापर्यंत नेला गेला. हा रस्ता गावांच्या मुख्य पेठेतूनच जाई, त्यामुळे वाटेवरच्या कुटुंबांना खानावळ घालणे परवडू लागले. इलिनॉयमधील स्प्रिंगफील्डचे ‘कोझी डॉग’ हे त्यांपैकी आजही चालू असलेले ठिकाण. मक्याच्या पिठात बुडवून तळलेले, काडीला टोचलेले सॉसेज ही तिथली खासियत. हा पदार्थ प्रथम आपणच केला असे म्हणणारे इतरही आहेत.

१९५६ च्या महामार्ग कायद्याने देशभर आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले आणि चित्र पालटले. या महामार्गांवरील विश्रांतिस्थळांत खाजगी उपाहारगृहांना मनाई आहे. तिथे स्वच्छतागृह, नकाशा, बसायला बाके आणि पैसे टाकून चिप्स किंवा सोडा काढायचे यंत्र एवढेच मिळते. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकसारखे त्याआधी झालेले टोल-रस्ते याला अपवाद. त्यांच्या आवारातच खाण्याची सोय असते. बाकी सगळीकडे भूक लागली की ‘एक्झिट’, म्हणजे महामार्गाबाहेर पडायचा फाटा, घेऊन खाली उतरावे लागते. साहजिकच साखळी उपाहारगृहे एक्झिटच्या तोंडाशी गोळा झाली, आणि जी गावे महामार्गापासून बाजूला पडली त्यांची गिऱ्हाइके तुटली.

केंटकीतील कॉर्बिनचे हार्लंड सँडर्स हे याचे ठळक उदाहरण. १९३० पासून ते आपल्या गॅस स्टेशनवर प्रवाशांना जेवू घालत. तिथूनच त्यांच्या तळलेल्या चिकनचे नाव झाले. नवा महामार्ग गावाला वळसा घालून जाणार हे कळल्यावर त्यांचा जम बसलेला धंदा बसला. १९५६ मध्ये त्यांनी जागा विकली आणि साठी उलटलेली असताना मोटारीने हिंडून चिकनची पाककृती इतर उपाहारगृहांना वापरायला देण्याचा व्यवसाय वाढवला. रूट ६६ चे महामार्ग म्हणून अस्तित्व १९८५ मध्ये संपले.

या खाण्याच्या जिव्हाळ्याच्या आठवणी सांगताना एक गोष्ट वगळली जाते, आणि ती वगळणे अन्यायाचे आहे. काळ्या प्रवाशांना यांतल्या असंख्य ठिकाणी बसू दिले जात नसे. ती कुटुंबे बुटांच्या खोक्यात तळलेले चिकन, उकडलेली अंडी आणि पाउंड केक बांधून निघत. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून काढलेल्या ‘ग्रीन बुक’ या पुस्तिकेत, जिथे अपमान न होता खाता व राहता येईल अशा जागांचे पत्ते असत. १९५७ मध्ये डेलावेअरमधील डोव्हर येथे घानाचे अर्थमंत्री के. ए. ग्बेडेमा यांनी संत्र्याचा रस मागितला, तेव्हा ‘इथे बसून पिता येणार नाही’ असे त्यांना सांगण्यात आले. पुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना न्याहारीला बोलावून दिलगिरी व्यक्त केली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हा भेद बेकायदा ठरला. त्याच वर्षी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममधील ‘ऑलीज बार्बेक्यू’ या उपाहारगृहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, इथले मांस परराज्यांतून येते, म्हणून हा कायदा या जागेलाही लागू आहे.

खरी चव प्रदेशागणिक बदलते, आणि ती चाखायची तर एक्झिटवरच्या पहिल्या पाटीला भुलू नये. दक्षिणेत जॉर्जिया, कॅरोलायना भागांत रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यांत भुईमुगाच्या शेंगा उकडत असतात. ताज्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवतात, त्या टरफलासकट मऊ होतात. आपल्याकडच्या उकडलेल्या शेंगांपेक्षा त्या जास्त खारट आणि अधिक शिजलेल्या लागतात. साउथ कॅरोलायनाने २००६ मध्ये त्यांना राज्याचा अधिकृत खाऊ ठरवले.

लुइझियानात लाफायेतच्या आसपास गॅस स्टेशनवरच गरम बूदाँ मिळते : भात, डुकराचे मांस, यकृत आणि कांदा भरलेले सॉसेज. मोटारीच्या टपाला टेकून, टोक दातात धरून आतला भात ओढून खाणे हीच तिथली पद्धत. टेक्सासमध्ये डॅलस आणि ऑस्टिन यांच्या दरम्यान वेस्ट नावाचे गाव लागते. चेक स्थलांतरितांनी आणलेली कोलाची, म्हणजे मऊ पावावर जर्दाळू, खसखस किंवा चीजचा गोड थर, तिथे थांबून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मिशिगनच्या उत्तर भागात तांब्याच्या खाणींत आलेल्या कॉर्निश कामगारांची पास्टी टिकून आहे. मांस-बटाटा भरलेली ही जाड करंजी खाणीत नेण्यासाठी सोयीची होती, तशी मोटारीतही आहे. विस्कॉन्सिनचे ताजे चीज कर्ड, म्हणजे चीज बनताना निघणारे मऊ तुकडे, दाताखाली चक्क कुरकुरून आवाज करतात, पण एकदोन दिवसांत तो आवाज जातो. म्हणून ते चीजच्या कारखान्यातूनच घ्यावेत. न्यू मेक्सिकोत हॅच खोऱ्यातली भाजलेली हिरवी मिरची चीजबर्गरवर घालतात. मिरची खाणाऱ्या माणसाला सबंध प्रवासात परकेपणा न वाटणारा बहुधा हाच बर्गर.

काही थांबे खाण्याइतकेच स्वतःच्या नावाने ओळखले जातात. साउथ डकोटातील ‘वॉल ड्रग’ हे औषधांचे दुकान १९३६ च्या उन्हाळ्यात ‘फुकट बर्फाचे पाणी’ अशा पाट्या महामार्गावर लावून तगले. ते पाणी आजही मिळते. जॉर्जियात १९५५ मध्ये निघालेले ‘वॉफल हाउस’ चोवीस तास उघडे असते. वादळानंतर त्याची कोणती शाखा पूर्ण मेनू देते, कोणती अर्धा आणि कोणती बंद आहे, यावरून आपत्ती-व्यवस्थापनाचे अधिकारी नुकसानीचा अंदाज बांधतात. टेक्सासच्या ‘बकीज’ या साखळीच्या मोठ्या थांब्यांवर पेट्रोलचे शंभरावर पंप, स्वच्छ शौचालये आणि कॅरमलमध्ये घोळलेल्या मक्याच्या फुलोऱ्या असतात, मात्र मालवाहू ट्रकांना तिथे प्रवेश नाही.

शाकाहारी प्रवाशाने चौकशी करूनच मागवावे. हॅश ब्राउन अनेकदा बेकनच्याच तव्यावर परततात, आणि दक्षिणेकडच्या घेवड्यात व पालेभाजीत डुकराचे मांस असते. मॅक्डॉनल्ड्सच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा अर्क असल्याचे उघड झाल्यावर शाकाहारी व हिंदू ग्राहकांनी खटले भरले. २००२ मध्ये कंपनीने १ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ग्रिल्ड चीज, पॅनकेक आणि फळांचे पाय हे बऱ्यापैकी निर्धोक, पण पायच्या पारीत कधी डुकराची चरबी असते. म्हणूनच तिथल्या मराठी कुटुंबांच्या गाडीत चिवडा, चकल्या, दशम्या आणि लसणाची चटणी असतेच. अलीकडे पंजाबी ट्रकचालकांची संख्या वाढल्याने कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिको, ओक्लाहोमापर्यंत ट्रक-स्टॉपवर पंजाबी ढाबे उघडले आहेत. पराठे, छोले, कढी आणि आल्याचा चहा तिथे मिळतो, आणि ट्रक नसलेल्यांनाही वाढतात.