ग्रुप मोठा येतोय की झिरो हललाय? पॉइंट टू टूवर खर्च करायच्या आधी हे बघा

सॅव्हेज मार्क टू किंवा रुगर अमेरिकन रिमफायरसारखी साधी बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची) पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची छोटी रायफल, अमेरिकेत काहीशे डॉलरमध्ये मिळते, आणि ती घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नेम लागत नाहीये, काय बदलू?" मग सल्ले सुरू होतात, ट्रिगर बदल, स्टॉक (खांद्याला टेकवायचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा भाग) बदल, भारी स्कोप (नेमाची दुर्बीण) घे. पण नेम लागत नाहीये म्हणजे नक्की काय होतंय हे आधी विचारायला हवं ना, कारण यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात आणि एकीचा इलाज दुसरीवर केला की पैसे जातात, रायफल आहे तिथेच राहते.

पहिली तक्रार ग्रुपची. एकाच ठिपक्यावर नेम धरून मारलेल्या गोळ्या एकमेकींपासून किती लांब पडतात, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, तो ग्रुप. दुसरी झिरोची, म्हणजे त्या सगळ्या भोकांचा मिळून जो मध्य निघतो तो तुम्ही धरलेल्या ठिपक्यावर आहे का. एनसीसी केलेल्यांना हे लगेच कळेल, तिथे आधी ग्रुपिंग बघतात आणि एमपीआय शिकवतात, तो एमपीआय म्हणजेच हा मध्य. पाच गोळ्या अर्ध्या इंचात पण ठिपक्याच्या दोन इंच खाली, ही रायफल उत्तम आहे, फक्त स्कोप फिरवायचाय, खर्च शून्य. आणि पाच गोळ्या ठिपक्याच्या चहूबाजूंनी दोन-अडीच इंचात विखुरलेल्या, मध्य मात्र अगदी बरोबर, इथे स्कोपचे नॉब कितीही फिरवा, काहीही सुधारणार नाही.

आता खरी गंमत, जी बहुतेकांना कोणी सांगतच नाही. गोळ्या वाढवल्या की ग्रुप मोठा होतो आणि झिरो पक्का होतो, दोघं उलट दिशेने जातात! तीच रायफल, तीच गोळी, तोच माणूस, तरी १० गोळ्यांचा ग्रुप ३ गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी साधारण दीडपटीहून जास्त मोठा येतो, कारण जितक्या जास्त गोळ्या तितकी एखादी लांब जायची शक्यता जास्त. त्यामुळे कोणी ३ गोळ्यांचा पाव इंचाचा ग्रुप दाखवला तर त्यावरून त्या रायफलबद्दल फारसं काही कळत नाही, निदान पाच-पाच गोळ्यांचे चार-पाच ग्रुप बघावेत आणि त्यातला खराब ग्रुप फेकून देऊ नये. मध्याचं उलट आहे. एका गोळीवरून धरलेल्या मध्यात जेवढी चूक असू शकते ती ४ गोळ्यांनी निम्मी होते आणि ९ गोळ्यांनी एक तृतीयांश. म्हणून एक गोळी मारायची, नॉब फिरवायचा, परत एक गोळी, परत नॉब, असं करणारे लोक डबा संपेपर्यंत झिरोच्या मागे धावत राहतात, कारण प्रत्येक वेळी ते त्या एका गोळीच्या नशिबाला दुरुस्त करत असतात.

झिरो करताना वाळूच्या पिशव्यांवर रायफल नीट टेकवायची, ५० यार्डावर दहा गोळ्या एकाच ठिपक्यावर मारायच्या, मध्ये स्कोपला हात लावायचा नाही. मग कागद खाली काढून पट्टीने मध्य मोजायचा. समजा मध्य दीड इंच खाली आणि पाऊण इंच डावीकडे आलाय. पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डावर साधारण एक इंच) स्कोप ५० यार्डावर एका क्लिकला, म्हणजे नॉबच्या एका खाचेला, साधारण एक अष्टमांश इंच सरकतो, म्हणजे १२ क्लिक वर, ६ उजवीकडे, आणि नवीन कागदावर परत दहा. बास. बहुतेक वेळा दुसऱ्या कागदावरच काम होतं.

ग्रुप सुधारायचा असेल तर मात्र सुरुवात गोळीपासूनच करायची, यावर माझं मत अगदी ठाम आहे. स्वस्त रायफलमध्येसुद्धा बॅरल बऱ्याचदा चांगलं असतं, त्यात आपण घालतो काय हा प्रश्न आहे. रिमफायरमध्ये, म्हणजे पॉइंट टू टूच्या गोळीत, प्रायमरचं (दारू पेटवणारं) मिश्रण काडतुसाच्या कडेच्या पोकळीत भरलेलं असतं आणि काडतूस घरी परत भरता येत नाही, म्हणजे जे फॅक्टरीतून आलं तेच मारायचं. हाय व्हेलॉसिटीच्या ४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या साधारण १२०० फूट प्रति सेकंदाच्या पुढे निघतात आणि टार्गेटपर्यंत जाताना आवाजाच्या वेगाखाली येतात, या टप्प्यात गोळीची चाल बिघडू शकते. सीसीआय कंपनीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी १०७० ने निघते म्हणजे नेहमीच्या हवेत आवाजाच्या वेगाखालीच, त्यामुळे कागदावर मारायला सहसा हीच बरी पडते. तीन-चार प्रकारच्या गोळ्या आणून प्रत्येकीचे ग्रुप काढा, पण गोळी बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा मोजू नका, या गोळ्यांवर मेण किंवा ग्रीस असतं आणि बॅरलला नवीन थर बसायला तेवढ्या लागतात. आणि हो, वेगळी गोळी म्हणजे वेगळा मध्य, ग्रुप छान आला तरी झिरो परत करावाच लागतो.

गोळी ठरली की मग स्क्रू. रायफल रिकामी आहे ना हे बोल्ट उघडून, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघून खात्री करा. ॲक्शन (बोल्ट बसतो तो मधला धातूचा भाग) स्टॉकला धरून ठेवणारे स्क्रू टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळा, हाताच्या अंदाजाने नको, प्लॅस्टिकच्या स्टॉकमध्ये थोडासा फरकसुद्धा कागदावर दिसतो. मग डॉलरची नोट बॅरल आणि स्टॉकच्या मधून पुढून मागे ॲक्शनपर्यंत सरकवा. नोट सरळ गेली तर ठीक, कुठे अडली तर तिथे स्टॉक बॅरलला टेकतोय, तेवढी जागा सँडपेपरने घासून मोकळी करायची. आता स्टॉकचा पुढचा भाग पिशवीवर ठेवून थोडा दाबा आणि परत नोट सरकवा, स्वस्त स्टॉक इथेच पकडले जातात, कारण ते मऊ असतात आणि वजन आलं की वाकून बॅरलला लागतात.

आणि हाच तो दोष जो ग्रुप आणि झिरो दोन्हींच्या वेषात येतो, म्हणून सगळ्यात जास्त फसवतो. पिशवीवरून मारलं की मध्य एकीकडे, बायपॉडवरून (पुढे लावायच्या दोन पायांवरून) मारलं की दुसरीकडे, म्हणजे झिरो हललाय असं वाटतं, पण स्कोप जागेवरच असतो, बॅरलवरचा दाब बदललेला असतो. कागदावर एकाऐवजी दोन वेगवेगळे छोटे ग्रुप दिसले तर गोळीला दोष देऊ नका, काहीतरी हलतंय, स्कोपच्या रिंगा आणि माउंटचे स्क्रू तपासा. भोकं उभ्या रेषेत पसरली तर गोळीच्या वेगातला फरक बघा. ३० फूट प्रति सेकंदाचा फरक ५० यार्डावर जेमतेम पाव इंच दिसतो, १०० यार्डावर तोच जवळजवळ एक इंच होतो, म्हणून ५० ला शहाणी वाटणारी गोळी १०० ला अंगावर येते. ५० ला झिरो केलेली स्टँडर्ड व्हेलॉसिटी १०० ला सहा-सात इंच खाली पडणारच, तो दोष नाही, गुरुत्वाकर्षण आहे.

स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं तेव्हा आपल्याकडे त्याच्या कांबळवाडी गावापासून सगळीकडे हा खेळ लोकांनी टीव्हीवर बघितला. त्यात दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं आणि स्कोप चालत नाही. या पातळीवर दोन्ही कामं वेगळीच ठेवलेली असतात. ग्रुपसाठी एली, लापुआसारख्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर रायफल क्लँपमध्ये बसवून गोळ्यांचा लॉट (एकाच खेपेत बनलेला माल) निवडतात, आणि झिरो मॅचच्या आधीच्या साइटिंग शॉट्सवर त्या दिवसाच्या वाऱ्याउजेडाप्रमाणे लावतात.

ट्रिगरबद्दल शेवटी सांगतोय कारण त्याचा नंबरच नंतर लागतो. हलका, स्वच्छ ट्रिगर रायफलचा ग्रुप लहान करत नाही, तो तुमचा ग्रुप लहान करतो, पिशवीवर कमी आणि हातात धरून मारताना जास्त. सॅव्हेजचा ॲक्युट्रिगर मालकाला स्वतः ॲडजस्ट करता येतो, त्यामुळे आधी तो मॅन्युअलप्रमाणे लावून बघा, नवीन विकत घ्यायची गरज बऱ्याचदा पडत नाही. ते पैसे गोळ्यांना ठेवा, आणि तुमच्या बॅरलला एखादा लॉट आवडला की त्याच नंबरच्या जमतील तेवढ्या पेट्या तेव्हाच उचला, कारण डब्यावरचं नाव तेच असलं तरी पुढचा लॉट परत दहा गोळ्यांपासून तपासावा लागतो.