दारावरची पाटी आणि ‘ट्रेड’ नावाचा घोळ

वाहनांच्या सुट्या भागांचे प्रदर्शन गोरेगावला नेस्कोत भरो की वांद्रे-कुर्ला संकुलात, दारावरची पाटी ओळखीची असते: प्रवेश फक्त व्यावसायिकांसाठी. पाटीखालची हुज्जतही ओळखीचीच. राम मंदिर स्टेशनवरून चालत आलेला माणूस म्हणतो, गाडी माझी, तिचेच भाग आत मांडलेत, मग मी बाहेर का? नोंदणीच्या टेबलावरून उलट प्रश्न येतो, कार्ड आहे का?

मोटारीच्या जन्मापासून ही पाटी नव्हती. १८९७ मध्ये बर्लिनच्या एका हॉटेलात आठ गाड्या मांडल्या गेल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या ट्युलरी बागेत भरलेल्या प्रदर्शनाला सुमारे एक लाख चाळीस हजार लोक आले. तिथे गाडी मांडायची तर ती आधी पॅरिसहून व्हर्सायला जाऊन परत येऊ शकते हे दाखवावे लागे. अट गाडीला होती, बघणाऱ्याला नव्हती. १९५४ मध्ये टोकियोच्या हिबिया बागेत दहा दिवसांत साडेपाच लाखांच्या आसपास लोक लोटले, तेही २६७ वाहनांपैकी जेमतेम १७ मोटारगाड्या असताना. बाकी ट्रक, बस आणि दुचाक्याच होत्या.

आपल्याकडचा क्रम उलटा आहे. १९२८ पासून मुंबईत शिवडीला परदेशी गाड्यांची जुळणी होत होती. १९५३ च्या धोरणाने केवळ जुळणी करणाऱ्यांना वाव ठेवला नाही आणि त्या कंपन्या निघून गेल्या. पुढची तीन दशके गाडी नोंदवून गिऱ्हाइकानेच वर्षानुवर्षे वाट पाहायची, तर त्याला बोलावून दाखवायचे काय? १९८६ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर पहिला ऑटो एक्स्पो भरला तेव्हा गाड्या आणि सुटे भाग एकाच छताखाली होते. गर्दी गाड्यांकडे वळायची. व्हॉल्व्ह आणि बेअरिंगवाल्यांच्या वाट्याला पाय दुखले म्हणून टेकायला आलेले लोक यायचे.

पाटी आली ती सुट्या भागांच्या धंद्यातून. अमेरिकेत अ‍ॅक्सेसरीजवाल्यांनी १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या बेसबॉल मैदानात आपला वेगळा मेळा भरवला. १९७७ पासून तो लास व्हेगासला भरतो. जर्मनीत १९७१ पासून फ्रँकफर्टला गॅरेज आणि सुट्या भागांचे स्वतंत्र प्रदर्शन सुरू झाले. दोन्हीकडे गिऱ्हाईक म्हणजे दुकानदार, वितरक आणि गॅरेजवाला. आपल्याकडच्या आयोजकांनी ती चौकट उचलली आणि कारण दिले गर्दीचे.

गर्दीचे कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. मुळात पाटी ‘लेस’साठी, म्हणजे छापील किमतीवरच्या सवलतीसाठी आहे.

ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, सुट्या भागांच्या बाजारात, भाव कसा सांगतात ते पाहा. वस्तूची किंमत कोणी बोलत नाही, एमआरपीवर किती टक्के लेस तेवढेच बोलतात. समजा, ब्रेकपॅडच्या एका सेटवर १,००० रुपये छापले आहेत. स्टॉलवरचा माणूस दुकानदाराला सांगतो, ‘पंचेचाळीस लेस, दहा पेट्या घेतल्या तर वर दोन.’ म्हणजे सेट ५५० रुपयांना पडला. दुकानदार तोच मिस्त्रीला २५ लेसने, ७५० ला देतो. मिस्त्री गाडीमालकाच्या बिलात पुरते १,००० लावतो. वरवर पाहता ही लूट वाटते. पण गल्लीतल्या गॅरेजची मजुरी मुद्दाम कमी ठेवलेली असते. चाक उतरवणे, कॅलिपर सोडवणे, पिस्टन मागे दाबणे, स्लाइड पिना साफ करून ग्रीस लावणे या कामाची मजुरी अधिकृत वर्कशॉपइतकी सांगितली तर गिऱ्हाईक येणार नाही. उरलेली मजुरी मिस्त्री भागावर काढतो. आता गाडीमालकानेच स्टॉलसमोर उभे राहून ‘पंचेचाळीस लेस’ ऐकले, की दुसऱ्या दिवशी तो भांडुपच्या गॅरेजात हिशेब मागणार. मिस्त्री दुकानदारावर चिडणार, दुकानदार कंपनीच्या सेल्समनवर. पेट्या उचलणारे हेच लोक, त्यामुळे त्यांचे ऐकावे लागते. आयोजकांच्या पत्रकांत हे कधी छापून येत नाही.

काही स्टॉलवाले यावर तोड म्हणून दोन याद्या ठेवतात. टेबलावर एमआरपीची, खणात लेसची. समोरच्याचा बॅज बघून खण उघडायचा. पहिल्या दिवशी हे जमते. तिसऱ्या दिवशी घसा बसलेला असतो, बॅज उलटा लटकत असतो आणि खण उघडाच राहतो.

सगळा पेच मग बॅजवर, म्हणजे व्यावसायिक कोण हे ठरवणाऱ्या ‘ट्रेड’ या एका शब्दावर येऊन बसतो. व्हिजिटिंग कार्ड ही सर्वांत जुनी कसोटी. मुंबईत शंभर कार्डे तासाभरात छापून मिळतात, तेव्हा ती कसोटी कसली, सोपस्कार झाला. मग जीएसटी क्रमांक मागायला सुरुवात झाली. पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होणारा. हा क्रमांक तपासता येतो, एवढाच त्याचा गुण. कारण सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नुसता माल विकणाऱ्याची ४० लाखांच्या आत, तर साधारणपणे नोंदणीची सक्तीच नाही. एक पिट आणि दोन पोऱ्यांवर चालणारे गॅरेज सहज या मर्यादेच्या आत राहते. परिणाम असा की कायद्याने दिलेली सवलत प्रदर्शनाच्या दारात अडचण ठरते. याउलट कापडाच्या व्यापाऱ्याकडे २७ वाला क्रमांक असतो. तो पोराला घेऊन हिंडायला आला तरी अर्जाच्या लेखी व्यावसायिकच.

गुमास्त्याची, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या परवान्याचीही तीच गत. २०१७ च्या राज्य कायद्यानंतर थोडे कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही, नुसती सूचना दिली की झाले. त्या सूचनेची पावती दारावरच्या मुलाला ओळखता येत नाही. त्याला नमुना म्हणून जुना गुमास्ता दाखवलेला असतो. छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी फुकट आणि घरबसल्या होते, म्हणून ती चालवावी असा एक मार्ग निघाला. पण ती स्वयंघोषणेवर मिळते, म्हणजे कार्डाचाच मोठा भाऊ.

कागद सोडून माणसाकडे पाहिले तर गुंता आणखी वाढतो. टॅक्सीचा मालक-चालक क्लचप्लेट हातात घेऊन तिचे आयुष्य सांगतो, पण तो ती स्वतःच्या गाडीसाठी घेतो. म्हणजे अर्जाच्या भाषेत ‘अंतिम ग्राहक’. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमधला चाळीस ट्रकांचा मालकही टायर स्वतःच्याच गाड्यांसाठी घेतो, पण त्याला ‘फ्लीट’ म्हणून लाल गालिचा. मग शाळेच्या सहा बस चालवणाऱ्या बाई कुठे बसतात? सीमारेषा किती वाहनांवर, हे कुठे लिहिलेले नसते. आयटीआयचे विद्यार्थी उद्याचे मिस्त्री, तरी १८ वर्षांच्या अटीत पहिल्या वर्षाची बरीच मुले बाहेर राहतात. व्हिडिओ करणाऱ्याला मात्र ‘मीडिया’चा बॅज मिळतो, आणि लेसची यादी जगजाहीर व्हायला त्याचा एक फोन पुरतो.

आकड्यांतही हाच घोळ आहे. एकच माणूस तीन दिवस आला तर काही आयोजक एक भेट देणारा मोजतात, काही तीन भेटी. पत्रकात दोन्हींना ‘अभ्यागत’ म्हणतात. स्टॉलचे भाडे त्या आकड्यावर ठरते, त्यामुळे पाटी कडक ठेवायची आणि दार सैल, यात आयोजकाचा फायदाच असतो. ‘फक्त व्यावसायिक’ असे सांगून भाडे चढे लावता येते आणि शेवटी गर्दीचा आकडाही दाखवता येतो.

२०१४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ऑटो एक्स्पोतल्या गाड्या ग्रेटर नोएडाला गेल्या आणि सुटे भाग प्रगती मैदानावर राहिले. एक पब्लिकचा, दुसरा धंद्याचा, अशी उघड वाटणी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पर्धा नियामकाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू दिली जात नाही, हा आक्षेप होता. पुढे अपिले झाली. पण आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे, की ज्याला भाग मिळत नाही म्हणून नियामकाने दंड केला, तोच बिगरनोंदणीचा गॅरेजवाला प्रदर्शनाच्या दारात ‘ट्रेड’ ठरत नव्हता. भागांचा भाव त्याला कळायला हवा, हा मुद्दा तेव्हापासून नुसता तक्रारीचा राहिला नाही.

नंतर पैशाची चाळणी लावून पाहिली गेली. २०२३ च्या ऑटो एक्स्पोत १३ जानेवारीचे तिकीट ७५० रुपये, पुढचे दोन दिवस ४७५ आणि शेवटी ३५० असे दर होते. पहिला दिवस व्यावसायिकांचा म्हणायचा, पण ७५० रुपये मोजेल तो व्यावसायिक. त्या वेळी आलेल्यांचा आकडा सहा लाखांवर गेला. २०२५ मध्ये प्रदर्शन ‘भारत मोबिलिटी’ या मोठ्या प्रदर्शनाच्या छत्राखाली आले, प्रवेश नोंदणीवर मोफत झाला, आणि सुटे भाग द्वारकेच्या यशोभूमीत स्वतंत्र ठेवले गेले. मुंबईत एवढी वाटणी करायला जागाच नाही. इथे जे काय वेगळे करायचे ते एकाच हॉलमध्ये, घड्याळ लावून.

आत प्रत्यक्षात काय होते, तेही बघावे. तीन मीटर बाय तीन मीटरचा स्टॉल म्हणजे नऊ चौरस मीटर. मागे रॅक, पुढे टेबल, दोन खुर्च्या आणि कंपनीची दोन माणसे वजा केली तर चार-पाच जणांपुरती जागा उरते. तिथे सहकुटुंब आलेले लोक कापडी पिशवीसाठी थांबले की मागे उभा असलेला नाशिकचा वितरक पुढच्या स्टॉलवर जातो. कॅटलॉग दुसऱ्या दुपारी संपतात. स्पार्कप्लग, रिले, एलईडी बल्ब, सेन्सर असे मुठीत मावणारे नमुने नाहीसे होतात. जाणते स्टॉलवाले ते अ‍ॅक्रिलिकच्या फळीवर मागून स्क्रूने आवळतात. गाडी मांडलेली असेल तर दारे सतत उघडी, दिवे, पडदा आणि पंखा चालू. मिळून १५ अँपिअर ओढले गेले तर ४५ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावरसुद्धा तीन तासच पुरते. म्हणून चार्जरची वायर गालिच्याखालून नेऊन ठेवावी लागते, आणि तिच्यावर ट्रॉलीचे चाक गेले की तिसऱ्या दिवशी तीच तुटते.

पब्लिकला जागेवर वस्तू विकत हवी असते, हा आणखी एक तिढा. परदेशी स्टॉलवरचा बराच माल सीमाशुल्काच्या सवलतीखाली, परत नेण्याच्या हमीवर बिनशुल्क आलेला असतो. मुदत सहा महिन्यांची. तो टेबलावरून विकला तर शुल्क भरण्यापासून सुरुवात. गिऱ्हाइकाला वाटते, माणूस आखडतोय.

शेवटचा दिवस सर्वांना खुला ठेवावा, हा मधला मार्ग सगळ्यांना सुचतो. मुंबईत तो कसा फसतो, तर शेवटच्या दिवशी जेवणानंतर स्टॉलवाले आवरायला लागतात. परतीच्या गाडीचे तिकीट संध्याकाळचे, आणि दिवसा ठरावीक वेळी अवजड वाहनांना बंदी असल्यामुळे ट्रक ठरल्या वेळेलाच लागणार. चार वाजता आलेल्या पब्लिकला खोकी आणि चिकटपट्टी दिसते. दुपारनंतरचे तास खुले ठेवण्याचा पर्याय त्यापेक्षा बरा चालतो, पण त्यासाठी स्टॉलवर माणसांची दुसरी पाळी लागते आणि छोट्या उत्पादकाला ती परवडत नाही.

२०२१ मध्ये म्युनिकच्या मोटार प्रदर्शनाने वेगळी वाट काढली. धंद्याच्या भेटी प्रदर्शन संकुलात ठेवल्या आणि गाड्या शहराच्या चौकांत, सर्वांना फुकट. लास व्हेगासच्या मेळ्यानेही अलीकडे शुक्रवारचा दिवस शौकिनांना तिकिटावर उघडला आहे. इथे ओव्हल किंवा आझाद मैदानावर गाड्या मांडायची कल्पना बोलून दाखवली तरी परवानग्यांची यादी ऐकूनच ती बारगळेल.

तूर्त मुंबईतला तोडगा अर्जातच आहे. ‘व्यवसायाचे स्वरूप’ या रकान्यातला शेवटचा पर्याय ‘इतर’. तो निवडला की पुढे कंपनीचे नाव भरणे सक्तीचे. मिस्त्री तिथे गॅरेजचे नाव टाकतो, टॅक्सीवाला मेव्हण्याच्या दुकानाचे. दारावर क्यूआर कोड स्कॅन होतो आणि दोघांच्याही गळ्यात निळी फीत पडते.